मान टाकलेले शेंडे

वांग्याच्या शेंड्याने सकाळीच मान टाकलेली दिसली, की समजावं, आत अळी शिरली. पाणी कमी पडलं तर सगळं झाड सुकतं. अळी असली की एकटा शेंडा लवतो. तो दोन बोटं खालून खुडायचा, बांधावर फेकायचा नाही, टोपलीत घालून घरी आणायचा आणि चुलीत जाळायचा. बांधावर फेकला तर अळी परत येते आणि येताना पाहुणे घेऊन येते, असं माझी सासू म्हणायची. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा मी लग्न होऊन रिसोडजवळच्या त्या गावात आले, आणि सासूने मला पहिल्यांदा काय शिकवलं असेल तर हे. चूल कुठे आहे ते नंतर दाखवलं.

गावाच्या उगवतीला महादेवाचं देऊळ, देवळाची विहीर, आणि विहिरीखाली देवाची जमीन. त्या जमिनीचे पट्टे पाडून पाच-सहा घरांना भाजीपाला करायला दिलेले होते. पट्टा कोणाच्या बापाचा नव्हता. दर पाडव्याला देवळाच्या पायरीवर पंच बसत आणि कोणाचा पट्टा कोणाकडे राहील ते सांगत. देवाचा वाटा द्यायचा, पाण्याची पाळी मोडायची नाही आणि वाफे किडके ठेवायचे नाहीत, कारण एकाची कीड सगळ्यांच्या घरी जाते. मी आले त्याच्या आदल्या वर्षी एका घराचा पट्टा मावा पडला म्हणून काढून घेतला होता, आणि ते घर मग लोकांच्या वावरात मजुरीला लागलं होतं. माझे सासरे त्या घराचं उदाहरण मीठ-मिरचीसारखं रोज तोंडी लावायचे.

आमचं सगळं त्याच तुकड्यावर, आमच्या त्या वाडीवर. नवरा दिवाळी झाली की वाशिमला कापसाच्या जिनात जायचा तो उन्हाळ्यातच परतायचा. सासरे मोट हाकायचे. वाफ्यात आम्ही दोघी. वांगी, मिरची, कुंपणाला वालाचे वेल, मध्ये पालक, मेथी आणि सांबार. तिकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. रिसोडच्या बाजारात आमच्या वांग्यांना नाव होतं. ते नाव टिकवायला किती कंबरा मोडतात हे घेणाऱ्याला कशाला कळायला हवं.

उजाडायच्या आत वाफ्यात वाकायचं, कारण दव आहे तोवरच राख पानाला चिकटते. चुलीची राख चाळून फडक्यात बांधायची आणि वालाच्या वेलावर झटकायची, म्हणजे मावा हटतो. मग वांगी. प्रत्येक झाड, प्रत्येक शेंडा, पानाची खालची बाजू. वांग्याच्या पानालाही काटे असतात हे बाजारात पावशेर घेणाऱ्या बाईला ठाऊक नसतं. निंबाचा पाला भिजवून, तंबाखू उकळून तेही पाणी आम्ही शिंपडलं. पुढे एक सरकारी माणूस पांढरी पावडर घेऊन आला, तिने कीडही मेली आणि शेजारणीच्या कोंबड्याही. बैलांना निदान पोळ्याला विश्रांती असायची. किडीला ना पोळा ना अमावस्या, त्यामुळे आम्हालाही नाही. मी वीस वर्षांचीही नव्हते आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठत होते.

विश्रांती एकच होती. बाई बाहेर बसली की तिने देवाच्या त्या जमिनीत पाय ठेवायचा नाही. तिची सावली पडली तर वेल करपतो, वांग्यात अळी पडते, हे सगळे मानायचे. सासू मानायची, मीही मानायचे. न मानायला दुसरं काही ऐकलेलंच नव्हतं. ते चार दिवस गोठ्याच्या पडवीत तरटावर बसायचं, भाकर लांबून यायची, पाणी वरून ओतलं जायचं. लोक त्याला विटाळ म्हणतात. मला मात्र त्या चार दिवसांची वाट पाहायची सवय लागली होती. पगारी रजा हा शब्द मी फार वर्षांनी ऐकला, पण त्याचा अर्थ मला त्या पडवीत आधीच कळला होता.

आता यातली गंमत पाहा. पोट राहिलं की बाई बाहेर बसत नाही, म्हणजे ती रजाही बंद. जिला विश्रांती हवी तिनेच रोज वाकायचं. माझे दोन गर्भ असे गेले. दोन्ही तिसऱ्या महिन्यात, दोन्ही हिवाळ्यात, वांगी भरात असताना. पहिल्या वेळी मी वाफ्यातच बसले आणि मला उठता आलं नाही. घरात कोणी मला बोल लावला नाही, आणि कोणी त्याबद्दल बोललंही नाही. काही दिवस शेक दिला, मेथीचे लाडू दिले, आणि पुन्हा टोपली दिली. दोष द्यायला कोणी समोर नव्हतं, म्हणून मी रडले तेही वाफ्यात, खाली मान घालून. कामात खंड नको.

तिसऱ्यांदा पोट राहिलं तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. सासऱ्यांना तर ते ठाऊकच नव्हतं, असल्या गोष्टी त्यांच्या कानावर शेवटी जायच्या. सासूला मी सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत असावं. पौषातली थंडी होती. त्या वर्षी शेंडे भराभर माना टाकू लागले. सकाळी टोपली भरून खुडावेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. सासरे मोटेवरून ओरडून सांगायचे, एक शेंडा ठेवू नका, पाडवा काही लांब नाही. मी कंबरेला पदर घट्ट आवळून वाकत होते. एका सकाळी कळ आली, तशीच, ओळखीची. मी झाडाला धरलं, हातात काटे गेले. सासू पलीकडच्या सरीत होती. तिने माझ्याकडे तोंड केलं आणि पुन्हा कामाला लागली. मला तिचा राग आला. अजून आठवला तरी त्या क्षणाचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टोपली उचलली तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. सासरे अंगणात बैलांना पाणी दाखवत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "इले कावळा शिवला. वाडीत येत नाई आज."

मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले. कावळा शिवला नव्हता, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. ही तीच बाई, जी विटाळशीचा पदर लागला तरी भर थंडीत डोक्यावरून पाणी घ्यायची आणि दर सोमवारी महादेवाला दिवा लावल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही. सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं, आत्ताच बरं सुचलं हे, असं काहीतरी ते पुटपुटले. पण पुढे काय विचारणार? कावळा म्हटलं की पुरुषाची जीभ जागच्या जागी बसायची. हा एकच शब्द होता ज्याची चौकशी त्या घरात करता येत नव्हती.

मी पडवीत तरटावर बसले. तिने खोटं सांगितलं, पण पाळलं अगदी खऱ्यासारखं. आसपास कोणी नसतानाही भाकर लांबूनच दिली, पाणी वरूनच ओतलं. थंडीत तरट पुरेना तेव्हा स्वतःच्या अंगावरची गोधडी काठीने माझ्याकडे ढकलली. ते लोकांसाठी होतं की तिच्या लेखी एकदा तोंडातून गेलेला शब्द खराच झाला होता, ते मला कधी समजलं नाही. एवढं मात्र पाहिलं, की त्या दिवसानंतर सोमवारी ती देवळात शिरत नसे. दिवा दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि पायरीखालूनच हात जोडायची.

चौथ्या दिवशी मी न्हायला उठू लागले तर म्हणाली, अजून नाही. पुढे असंच चाललं. मधले थोडे दिवस मी घरात दळण-कांडण केल्यासारखं करायचे आणि मग पुन्हा अंगणात तीच हाळी. वाफ्यात ती एकटी जात होती. एकदा तिने चुलीत टाकायच्या आधी अंगणात टोपली माझ्यासमोर पालथी केली तेव्हा मी नीट पाहिलं. त्यातले निम्मे शेंडे चांगले होते. हिरवे, ताठ, काहींना कळ्याही. आजारी शेंडा डोळ्यांनी ओळखायचा असतो, आणि ती हाताने चाचपून खुडत होती. मऊ लागला की मोडायचा. कोवळा शेंडाही हाताला मऊच लागतो. म्हणजे चांगले मोडत होते आणि किडके तसेच मागे राहत होते. मग बाकीचंही ध्यानात आलं. ती तांदूळ निवडायचं काम माझ्यावर का टाकायची, सुई मला का ओवायला द्यायची, चालताना कुडाला हात का लावायची. तिचे डोळे जवळजवळ गेले होते, आणि ते तिने घरात कोणाला कळू दिलं नव्हतं.

मी म्हटलं, आत्याबाई, असं तर सगळी वाडी बसेल, मी येते. मी उठलेही होते. ती माझ्यापासून अंतर राखून खाली बसली. हात काट्यांनी सोललेले, बोटं हिरवी काळी झालेली.

"अळी दरसाल येते वं पोरी," ती म्हणाली. "ते दोन गेले, ते आले काय माघारी?"

त्या घरात त्या दोघांचा उल्लेख झाला तो हा पहिला. मी तरटावर पुन्हा बसले. बसले ते पाडव्यापर्यंत.

वाडी व्हायची तशी झाली. वांगी धरली तीही भोकाची. शिवरात्रीच्या सुमारास शेजारच्या दोन पट्ट्यांत शेंडे लवू लागले आणि बायका कुजबुजायला लागल्या, की त्यांची सून महिनाभर बाहेरच बसलेली असते, तिची सावली पडली म्हणून हे झालं. सासऱ्यांच्या कानावर ते गेलं. ते मोटेवर पूर्वीसारखे ओरडेनासे झाले. संध्याकाळी वाफ्यातून एकटेच फेरी मारायचे.

पाडव्याला पंच बसले. आम्ही बायका देवळाच्या ओट्याखाली उभ्या होतो. आमच्या पट्ट्याचं नाव निघालं तेव्हा शेजारच्या पट्ट्याची बाई पुढे झाली आणि सुनेच्या विटाळाचं बोलली. माझं पोट तोवर पदराखाली लपण्यासारखं राहिलं नव्हतं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटांवर महिने मोजायला लागल्या. महिन्यातून दोनदा बाहेर बसणाऱ्या बाईला पाचवा महिना कसा, हे कोणालाही सुटणारं गणित होतं. मला धरणी दुभंगावी असं झालं. सासू मात्र चाचपत ओट्याला हात लावून पुढे झाली.

"सून गेलीच नाई वाडीत," ती म्हणाली. "मीच जात होती. मले दिसत नाई."

एवढंच. पंचांना वाईट वाटलं असेल, पण नियम तो नियम. पट्टा गेला.

सासऱ्यांनी त्याच दुपारी विहिरीवरून मोट उतरवली, तिचा जाड दोर, तो नाडा गुंडाळला, खांद्यावर घेतला आणि घरी आले. अंगणात नाडा सोडून पुन्हा गुंडाळत बसले, जसा काही तो नीट गुंडाळला गेला नव्हता. मग सासूला म्हणाले, "दिसत नवतं तं मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं तुमी इले धाडलं असतं."

त्यांनी नाकारलं नाही, रागावलेही नाहीत. धाडलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. हातातला नाडा त्यांनी खुंटीला अडकवला तो पुन्हा कधी उतरवला नाही. पुढची वर्षं आम्ही लोकांच्या कपाशीत निंदायला गेलो, आणि आमच्या जुन्या पट्ट्यातली वांगी बाजारात दुसऱ्याच्या टोपलीत पाहिली. कष्ट सुटले असं कोणी समजू नये. वाफ्यातलं वाकणं गेलं आणि वावरातलं आलं.

श्रावणात मुलगी झाली. सुईणीने तिला पुसून सासूच्या ओटीत घातलं. तोवर सासूला उजेड-अंधाराएवढंच कळत होतं. सासरे दाराबाहेर उभे होते, मुलगी झाली ऐकूनही तिथून हलले नव्हते. सासूने पोरीच्या टाळूवर हात ठेवला, मग मानेखाली बोटं घातली आणि अगदी सावकाश, वांग्याचा शेंडा चाचपायची तशीच चाचपली. पोरीने मान जराशी वळवली आणि रडायला लागली.

"मान टाकत नाई," सासू दाराकडे तोंड करून म्हणाली. "आत काई नाई. चांगली हाये."