भलत्याच्या आईचं चित्र

त्याला सगळं गाव 'भलता' म्हणायचं. नाव पडलं ते दातांच्या डॉक्टरच्या पाटीवरून. साधी पाटी रंगव म्हटलं, तर पठ्ठ्यानं बाकावर ओळीनं बसलेले दात काढले. पाय हलवत, नंबर कधी लागतो बघत. डॉक्टर पिसाळला, "हे काय भलतंच?" पण लोक पाटीपाशी थांबायला लागले, आणि थांबलेल्यातला एखादा गाल धरून आतही यायचा. पाटी राहिली.

पोटाला पाट्या आणि जिवाला चित्रं, असं त्याचं चालायचं. घोड्याच्या पाठीवर जिना, छत्रीखाली झोपलेली नदी. कुणी हसायचं, कुणी नाक मुरडायचं. त्याला कशाचं सोयरसुतक नव्हतं. या खेपेला मात्र प्रकरण घरात शिरलं.

सभागृहातल्या प्रदर्शनात त्यानं आईचं चित्र लावलं. आई जाऊन काही वर्षं झालेली. चित्रात ती खाटेवर आडवी, पोटाच्या जागी शिलाई मशीन, आणि सुईखालून शिवून निघालेली पोरं एकामागून एक चालू पडलेली. बोंब उठली. "जन्मदात्रीची लाज काढली मेल्यानं!" एकानं चहाचा कप भिरकावला, नेम चुकला म्हणून भिंतीवर भागलं. व्यवस्थापकाची तंतरली. तो म्हणाला, "तुमच्या वडिलांची हरकत नसेल तर ठेवतो. नाहीतर आजच उतरवा."

वडील, म्हणजे अप्पा, टेलर. जन्मभर मशीनवर वाकून पाठीला बाक आलेला. भलता विचारायला गेला तर त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "येतो," एवढंच. गावाच्या शिव्या पचत होत्या, पण अप्पांनीच तोंड फिरवलं तर पुन्हा ब्रश कुठल्या तोंडानं धरायचा?

दुपारी अप्पा आले. गर्दी सरकली. त्यांनी चष्मा पुसला आणि नाक टेकेल इतके चित्राजवळ गेले.

"म्हातारा वास घेतोय काय?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

अप्पा भलत्याकडे वळले. "गाढवा, खालचा दोरा कुठाय?"

"अं?"

"सुईत दोरा ओवलास, खाली बॉबीनच नाही. अशानं एक टीप धरायची नाही. ही पोरं चार पावलं गेली की उसवतील. तुझ्या आईनं असलं काम कधी हातावेगळं केलं होतं का?"

अप्पांच्या दुकानातली रीत भलत्याला ठाऊक होती. बिघडलेलं कापड ते न बोलता कोपऱ्यात टाकत. चुका काढत त्या गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या कपड्यातल्याच.

"रंग आणतो," म्हणत तो पळाला.

व्यवस्थापक पुढं आला. "काका, म्हणजे तुमची हरकत..."

"मघापासून हरकतच घेतोय की! पोरगा दुरुस्त करेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"पण पोटात मशीन?" मघाशी चहाचा कप भिरकावणारा गडी अजून तिथंच होता.

"मग कुठं असणार? हा पोटात होता तेव्हा तिच्यात न् मशीनमध्ये बोटभर जागा नव्हती. ऊठ म्हटलं तर म्हणायची, एवढी बाही लावते."

भलता धापा टाकत आला आणि खाली बसून बॉबीन रंगवू लागला. अप्पा खांद्यावरून वाकले.

"पांढरा दोरा नको. ती काळा भरायची. मळखाऊ."

भलत्यानं ब्रश पुसला आणि काळ्या रंगात बुडवला.