तुसात उरलेलं औषध

गडमुडशिंगीत क्रांतीला हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही. घरामागच्या परड्यात तिने गावरान कोंबड्यांची शेड घातली तेव्हा तिचे सासरे हंबीरराव महिनाभर तिच्याशी धड बोलले नव्हते. ज्या दावणीला म्हशी शोभायच्या तिथं आता कोंबड्या हुसकत बसायचं काय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, आणि तेही ती ऐकेल एवढ्या आवाजात. क्रांतीने शेड चालूच ठेवली. नवरा विश्वजित कारखान्यात पाळ्या करायचा, त्यामुळे खाद्य, पाणी, झाडलोट सगळं तिच्याच अंगावर. शेड वाढली, गिऱ्हाईक वाढलं. सासऱ्यांच्या तोंडून एक बरा शब्द मात्र तिला कधी मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर तिला तोच हवा होता.

तो यंदा जत्रेच्या महिनाभर आधी मिळाला. हंबीररावांनी चारचौघांत जाहीर केलं, की यंदा पावण्यांच्या ताटात आमच्या सुनेच्या कोंबड्या. शेजारणीने ही बातमी सांगितली तेव्हा क्रांती शेडमध्ये गेली आणि घासलेली पाण्याची भांडी पुन्हा घासत बसली. एवढा आनंद कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात कोंबड्या घरघरायला लागल्या. कसबा बावड्याच्या पशुवैद्य दीपाताई येऊन तपासून गेल्या आणि पाण्यातून द्यायचं अँटिबायोटिक लिहून दिलं. क्रांतीने दिलं, पण कोंबड्या जशाच्या तशा. घोळ तिनेच घातला होता. बोअरचं पाणी क्षारांनी जड, त्यात अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून खाद्यात शिंपल्यांचा चुरा. दीपाताईंनी फोनवरून तिचे चांगले कान उपटले. हे औषध त्या चुन्याला चिकटून बसतं, मग आतड्यातून रक्तात उतरत नाही आणि बरंचसं विष्ठेवाटे तसंच बाहेर पडतं, असं त्या म्हणाल्या. क्रांतीने चुरा बंद केला, नळाचं पाणी भरून ठेवलं, सकाळी कोंबड्यांना जरा तहान लागू दिली आणि मगच औषधाचं पाणी पुढे केलं. आता ते लागू पडलं. औषध पुरं होईस्तोवर शेडमधला नेहमीचा कलकलाट परत आला.

औषध थांबवल्यावर कोंबडीला ते अंगातून काढून टाकायला सवड लागते. काही यकृतातून जातं, काही मूत्रपिंडातून, आणि अंड्याच्या बलकात तर ते दडूनच बसतं. म्हणून किती दिवस मांस नि अंडी खायची नाहीत ते दीपाताईंनी लिहून दिलं होतं. क्रांतीने रोजची अंडी खड्ड्यात पुरली. मांसाचे दिवस नेमके जत्रेआधी भरत होते, म्हणून घरात सगळे निर्धास्त होते.

जत्रा दोन दिवसांवर आली असताना ती शेडच्या दारात उभी होती. एक तांबडी कोंबडी पायाने तूस उकरत होती. उकरायची, टोचायची, गिळायची. सगळ्याच कोंबड्या उकरतात, क्रांती ते रोज बघत होती. आज बघता बघता तिने वाकून मूठभर तूस उचललं. जमिनीवर अंथरलेलं भाताचं तूस तिने दुखण्यापासून बदललंच नव्हतं. अंगातून बाहेर पडलेलं सगळं औषध त्या तुसातच होतं आणि कोंबड्या ते पुन्हा खात होत्या.

तिने दीपाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तसं होऊ शकतं, आणि तूस बदलायला सांगायचं माझ्याही ध्यानात राहिलं नाही. आता सगळं तूस काढ आणि दिवस पहिल्यापासून धर.

क्रांतीने पदर खोचला आणि फावडं घेतलं. निम्मी शेड साफ झाली असेल नसेल, तोच हंबीरराव कोंबड्या कोंडायची डालगी घेऊन आले. कोंबड्या आजच धरून ठेवायच्या होत्या. तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, दिस भरलेत, आता नवं खूळ काढू नको. साऱ्या गावात सांगून बसलोय, मला तोंड दाखवायला जागा ठेव. त्यांचा आवाज चढला होता, आणि क्रांतीला आतून रडू येत होतं. वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेला तो शब्द ती आपल्याच हाताने घालवत होती. तरी ती दारातून हलली नाही.

“मामा, ह्या कोंबड्या टाकलेलं औषध परत खात्यात. आमच्या नंदीच्या ताटात मी ह्ये वाढणार न्हाय. आणि तिच्या ताटात न्हाय, तर पावण्यांच्याबी न्हाय.”

नंदी म्हणजे राजनंदिनी, हंबीररावांची सहा वर्षांची नात, म्हाताऱ्याचा जीव की प्राण. त्यांनी डालगी तिथंच आपटली आणि निघून गेले.

जत्रेला बकरं पडलं. पंगत बसली तसा एक पावणा ताटाकडे बघत खवचटपणे विचारू लागला, की हंबीरराव, सुनेच्या कोंबड्या उडून गेल्या काय. क्रांती रश्श्याचं भांडं घेऊन तिथंच उभी होती.

“शेडात हायत,” हंबीरराव म्हणाले. “औषध उतरलं न्हाय अजून. सून हात लावू दीना.”

ती तक्रार होती की आणखी काही, तिला उमगलं नाही. त्यानंतरही ते तिच्याशी बोलले नाहीतच. तीही मनवायला गेली नाही. रोज नवं तूस हलवायची आणि कॅलेंडरवरचा दिवस खोडायची.

दिवस भरले त्या सकाळी तिने कोंबडी शिजवली आणि पहिलं ताट सासऱ्यांपुढे ठेवलं. हंबीररावांनी ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“उतरलं?”

“व्हय, मामा.”

त्यांनी नंदीला हाक मारून शेजारी बसवलं, ताटातला पहिला तुकडा हाडापासून सोडवून तिला भरवला आणि मग स्वतः जेवायला लागले.