काविळीची माळ

सुहास गेल्याचा फोन शेजारच्या सामंतांकडे आला, तेव्हा मी त्याच्यासाठी मुगाचं कढण गाळत होते. बिनफोडणीचं. कावीळ झालेल्या माणसाला तेल चालत नाही ना... फोन ऐकून घरी परतले आणि राहिलेलं कढणही गाळून ठेवलं. कोणासाठी, ते अजून कळत नाही.

सुहास माझा धाकटा भाऊ. घाटकोपरला त्याचं सोनोग्राफीचं क्लिनिक. हे यंत्र लोकांना अजून नवं. पोटावर थंडगार जेली लागली की दचकतात. सुहासची एक सवय होती. तपासून झालं की यंत्राची चाकांची गाडी पेशंटकडे वळवायचा आणि पडद्यावरचं ते करडं धुकं कौतुकानं समजावून सांगायचा. "हे बघा तुमचं लिव्हर. झकास!" वाईट काही दिसलं, तर मात्र पडदा पेशंटकडे वळायचा नाही.

यंदा उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले. दुखत काहीच नव्हतं. आम्ही कोकणातली माणसं, कावीळ म्हटलं की माळ आलीच. गावाहून औषधी मुळ्यांची माळ मागवली आणि थेट क्लिनिक गाठलं. पाहते तर हा टेबलावर आडवा, स्वतःच्या पोटावर स्वतःच यंत्र फिरवतोय. स्वादुपिंड नीट दिसावं म्हणून तांब्याभर पाणी प्यायला होता.

"काय दिसतंय रे? मला दाखव ना."

त्यानं हात लांबवून गाडी भिंतीकडे वळवली. "गॅस आहे गं ताई, काही दिसत नाही." मग पोट पुसत उठून बसला आणि डोकं पुढे केलं. "आण तुझी माळ."

एरवी माझी टर उडवणारा हा डॉक्टर... मी हरखलेच. डोक्यावर ठेवलेली ती इवलीशी माळ दिवसागणिक लांबत लांबत गळ्यात उतरली, छातीवर आली. माळ लांबते तशी कावीळ उतरते, पायांशी पोचली की पुरती गेली म्हणतात. "उतरतेय बघ!" मी म्हणायचे. "उतरतेय ना," तो म्हणायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. स्वादुपिंडाचा कॅन्सर त्यानं त्या दुपारीच पाहिला होता. 'ताईला एवढ्यात सांगू नकोस,' असं त्यानं बजावलं होतं, हे त्याच्या बायकोनं, मीनानं, तो गेल्यावर मला सांगितलं.

परवा तिच्याबरोबर क्लिनिक उघडलं. यंत्र अजून भिंतीकडे तोंड करून उभं आहे. हॉस्पिटलात जाताना त्यानं माळ काढून यंत्राच्या मुठीला अडकवली होती. मुळ्या वाळतात, दोरा सैल पडतो, म्हणून माळ लांबते. हे त्यानंच मला पूर्वी कधीतरी हसत समजावलं होतं. सगळं ठाऊक असूनही खाली बघायची मला भीती वाटत होती. तरी पाहिलं...

माळ जमिनीला टेकली होती.