सेवकराम उठले नाहीत

सेवकरामांच्या घरात तलावाचं पाणी वाटायचं काम तीन पिढ्यांचं. केशोरीपलीकडच्या त्यांच्या गावात पाणी कुणाला किती, हे ठरवायला दरवर्षी बैठक बसे. तिची एक रीत होती. ज्याला निर्णय पटला तो उठून घरी जाई. पटला नाही तो बसून राही. एक जरी माणूस बसलेला असला, तरी तलावाचं दार उघडत नसे. त्याच्याशी पुन्हा बोलणं सुरू होई. चार लोकांत जीभ टाळूला चिकटणाऱ्या सेवकरामांना ही रीत फार सोयीची. जन्मभर त्यांनी जे काही ठणकावून सांगितलं, ते बसूनच.

त्या बैठका बंद होऊन वीस वर्षं झाली. बायको सुमित्राबाई गेल्यापासून घरातही मनातलं बोलायला कुणी नव्हतं.

यंदा गावच्या जिल्हा परिषद शाळेत तीनच मुलं उरली. बाकीच्यांना केशोरीच्या इंग्रजी शाळेची गाडी घेऊन जाई. सेवकरामांचा नातू हिमांशुही तिच्यातच. शाळा बंद करायची का, हे विचारायला पंचायत समितीचे साहेब आले. तिघांपैकी दोघांची सोय मामाकडे होणार होती. राहिली मंगरूची नात दुर्गेश्वरी. दुसरी शाळा चार किलोमीटर, वाट जंगलाची, आणि मंगरू डोळ्यांनी अधू.

सेवकरामांचा मुलगा इंद्रकुमार शाळेतच भरलेल्या सभेत उभा राहिला.

"साहेब, माल चांगला नसल तर गिऱ्हाईक दुकानात येत नाही. सरकारनं शाळा चालवाची कायले? पैसा आईबापाच्या हातात द्या. ते पाहतीन पोराले कुठं टाकाचं ते."

"आन् जिथं एकच गिऱ्हाईक, तिथं दुकान कोण लावन रे?" मंगरूनं मागून विचारलं.

"मंग तुमच्या एका पोरीसाठी दोन मास्तर पोसाचे का, काकाजी?"

लोक हसले. मंगरू काठी टेकत निघून गेला. त्याच्याकडे कधी शेत नव्हतं, त्यामुळे पाण्याच्या बैठकीची रीत त्याला ठाऊक नव्हती.

इंद्रकुमारचं सगळंच चूक, असं सेवकरामांना वाटत नव्हतं. या शाळेत मास्तर महिना-महिना फिरकत नसत, ते दिवस त्यांनी पाहिले होते. पण दुर्गेश्वरीचं काय? ते भिंतीला टेकून घट्ट बसले.

"कुणाचा विरोध?" साहेबांनी विचारलं. कुणी बोललं नाही. लोक उठले, साहेबांची जीप गेली. सेवकराम बसून होते. आता कुणीतरी येईल, विचारेल.

मास्तर कुलूप घेऊन आले. "चला काकाजी, बंद करतो."

"मी बसून आहो."

"हो जी, पण सभा झाली ना. एकमतानं. साहेबानं लिहूनबी नेलं."

सेवकराम भिंतीचा आधार घेत उठले.

संध्याकाळी ते टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. "इंदर, माहा विरोध आहे."

"कायचा, बाबूजी?"

"शाळा बंद कराचा."

इंद्रकुमारनं आवाज कमी केला. तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. "मंग तिथं काऊन नाही बोलले?"

"बसून होतो ना मी."

"मले वाटलं, गुडघे दुखून राहिले तुमचे. बाम देऊ का?"

सेवकराम चपला घालून मंगरूकडे निघाले. निदान त्याला तरी सांगावं. अंगणात दुर्गेश्वरी भांडी घासत होती.

"आजा घरी नाही," ती म्हणाली.

सेवकरामांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची परतीच्या वाटेवर लाज वाटत राहिली.