मिशी उतरवली तेव्हा

परवा दर्पण कॉलनीतल्या दाताच्या डॉक्टरांकडे बसले होते. आतून लवंगेच्या तेलाचा वास आला आणि मी चक्क उठून बाहेर आले. सूनबाई म्हणाली, "आई, घाबरलात की काय?" घाबरते कुठली! या वासानं मला ना भीती वाटते, ना रडू येतं; काहीच होत नाही. तेव्हाही झालं नव्हतं, आणि तेच तर नवल आहे.

तेव्हा इकडे उत्तरेत संस्थानी राज्य होतं नि आम्ही याच शहरात, दौलतगंजात राहत होतो. माझे वडील, अण्णा, दरबारच्या दफ्तरात कारकून. त्यांच्या जिभेखाली गाठ आली. मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं: रेडियमचे किरण द्यायचे आहेत, पण त्याआधी सगळे दात काढून हिरड्या भरून येऊ द्या, आणि चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा असल्यामुळे दाढीमिशा साफ उतरवून या. चार खेपांत दात निघाले, किडके निघाले तसे चांगलेही. अण्णा लवंगेचा वास घेऊन घरी येत आणि मुकाट्यानं पेजेचा वाडगा पुढे ओढत. मी बारा वर्षांची. वाटे, आता रडू येईल, मग येईल. ते मेलं येईचना.

अडलं ते मिशीपाशी. आमच्याकडे बाप गेल्यावर मुलगा मिशी उतरवतो, आणि आजोबा तर ऐंशीच्या घरातही ठणठणीत, रोज सकाळी सराफा बाजारापर्यंत फिरून येणारे. बाप जिवंत असताना मिशी काढायची म्हणजे त्याचं मरण मागायचं. अण्णा हटूनच बसले. "दात दिले, पुष्कळ झालं. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." दातांविना त्यांचे शब्द पसरट यायचे. दुसऱ्या दिवशीची गाडी होती. शेवटी आजोबांनी स्वतः जाऊन न्हावी आणला. म्हणाले, "उतरव. मी मेलो असं समज. तू जगतोस की नाही ही पंचाईत, आणि माझ्या मरणाचं काय कौतुक घेऊन बसलास!" अण्णांनी डोळे मिटून घेतले, आणि मी माजघरात पळाले ती ते निघेपर्यंत त्यांच्यासमोर आलेच नाही.

दुसऱ्या दिवशी ते टांग्यातून स्टेशनावर गेले. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या लालाजींनी टांग्यातलं ते सफाचट तोंड पाहिलं आणि दुपारी चौघांना घेऊन, मान खाली घालून, आमच्या दाराशी आले. दार उघडलं आजोबांनी.

"अरे बाबूजी, आप!" लालाजींची बोबडीच वळली.

"हाँ भाई, अभी हूँ। आइए, बैठिए।" आणि आत वळून, "सूनबाई, चहा टाका!"

आई तोंडात पदर कोंबून हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मीही हसले, आणि मग पुन्हा सगळं होतं तसंच बधिर झालं.

अण्णा परत आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात तार आली. आजोबा पुढे नऊ वर्षं जगले, आणि प्रत्येक वर्षाची त्यांना लाज वाटत असे. तसं ते बोलूनही दाखवत.

मला छळतं ते निराळंच. निघताना मी पाया पडले, तेव्हा अण्णांनी हनुवटीला हात लावून माझं तोंड वर करू पाहिलं. लाज म्हणा, भीती म्हणा, मी मान वर केलीच नाही. त्यांच्या वहाणेचा तुटका अंगठा, ट्रंकेला बांधलेला सुंभ, टांग्याच्या घोड्याच्या अंगावरच्या माशा, इतक्या वर्षांनी सगळं जसंच्या तसं आठवतं. अण्णांना आठवायला बसले की मात्र फोटोतले मिशीवाले अण्णाच समोर येतात. मुंबईला गेले ते अण्णा मी पाहिलेच नाहीत.