मागे पडणारं घड्याळ

माझी धाकटी जाऊ दिसायला अगदी साधी, पण गल्लीत तिला पेनड्राइव्हवाली म्हणतात. कोणाचा जुना कॉम्प्युटर कुरकुरायला लागला की तो उचलून आमच्याकडे आणायचा, आणि ही त्यात विंडोजच्या जोडीला फुकटातलं लिनक्स घालून देणार. घालून देणार कसलं, ज्याचं त्यालाच घालायला लावणार! स्वतः हात मागे बांधून उभी. "वाचा, काय लिहिलंय? घाबरू नका, आधी वाचा." समोरचा घामाघूम होतो, मी वैतागून आत जाते, पण ही बाई कीबोर्डला बोट लावत नाही. "मी केलं तर ते सारखे येत राहतील, ताई," म्हणते. अगं, येतातच आहेत की! एक रिटायर झालेले पोस्टमास्तर तर "माझा सी ड्राइव्ह कुठे गेला हो" म्हणत असे हवालदिल होऊन आले, की मी आधी त्यांना पाणी दिलं.

बाहेरची खोली तिचीच. टेबलावर उघडी पडलेली मशीन, वायरींचं भेंडोळं, आणि बशांमध्ये स्क्रू. माझ्या बशा! बोलून बोलून माझं तोंड दुखलं.

त्याच टेबलाशी एका दुपारी नर्स येऊन बसली. नर्स म्हणजे पूर्वीची, नवऱ्याने नोकरी सोडायला लावली होती. त्याचा विम्याचा धंदा. घरच्या लॅपटॉपवर ही काय उघडते, काय लिहिते, ते सगळं त्याला स्वतःच्या मोबाइलवर दिसायचं. हिचा मोबाइलही रोज तपासायचा. हिला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात अर्ज करायचा होता, त्याला पत्ता लागू न देता. पत्ता लागला तर काय होईल, ते तिने सांगितलं नाही. नुसती बाही वर केली आणि पुन्हा खाली ओढली.

धाकटीने तिच्याकडून अख्खं लिनक्स एका पेनड्राइव्हवर बसवून घेतलं. तो लावून लॅपटॉप सुरू केला की सगळं काम पेनड्राइव्हवरच, आतल्या डिस्कला धक्का नाही. काढून घेतला की मागमूस नाही. निदान आम्हाला तरी तसंच वाटलं. नवरा बाहेर गेला की ती अर्ज भरायची, आणि पेनड्राइव्ह पुन्हा अंगावरच्या कपड्यांत लपवायची. नोकरी मिळाली, तिथे राहायला खोलीही मिळाली. सर्टिफिकिटं तिने भाजीच्या पिशवीतून एकेक करून आणली आणि मी ती माझ्या कपाटात ठेवली. चार दिवसांनी निघायचं ठरलं होतं.

आणि तो आला. भर दुपारी, लॅपटॉप काखेत, मागे ती. मला बघून तिने ओळख दाखवली नाही. मीही नाही.

"मॅडम, याचं घड्याळ मागे जातं," तो शांतपणे म्हणाला. आवाज चढवला असता तरी बरं वाटलं असतं. "मी बाहेर जाऊन आलो की काही तास मागे गेलेलं असतं. हिला विचारतो, तर म्हणते माहीत नाही. म्हटलं, हिच्यासमोरच काय ते कळू दे."

धाकटीच्या लगेच लक्षात आलं. तिने नंतर सांगितलं ते असं: मशीनच्या आत एक घड्याळ असतं. विंडोज त्यात इथली वेळ ठेवतं, लिनक्स जगाची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये गेलं की वेळ चुकलेली दिसते. एका ओळीची आज्ञा दिली की भागतं. प्रत्येकाकडून ती लिहून घेणारी ही बाई, नेमकी नर्सच्या वेळी घाईघाईत विसरली.

"आतला सेल गेलाय," धाकटी म्हणाली.

"मग मी घरी असताना का नाही मागे जात?"

मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

"घरी असता तेव्हा मशीन चालू असतं ना? बंद असलं की घड्याळ सेलवर चालतं. सेल मेलेला, म्हणून मागे पडतं." काय बेमालूम खोटं बोलली! आणि मला दुधाचा हिशोब सांगतानासुद्धा ही अडखळते.

त्याने बायकोकडे बघितलं. "बदला मग. माझ्यासमोर. आता यापुढे मागे गेलं, तर सेलचं कारण उरणार नाही."

ते नर्सने ऐकलं. आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. स्वतः कधी हात न लावणाऱ्या धाकटीने लॅपटॉप पालथा केला आणि स्क्रू काढायला घेतले. इतक्या सावकाश की कोणाला वाटावं, पहिल्यांदाच करतेय.

"पाणी मिळेल का?" नर्स म्हणाली. मी तिला स्वयंपाकघरात नेलं. तिने पेला उचललाच नाही. नुसती मागच्या दाराकडे बघत राहिली.

"जा," मी कुजबुजले.

"चपला पुढे आहेत, त्याच्या पायाशी."

मी माझ्या काढून दिल्या. कपाटातली सर्टिफिकिटांची पिशवी तिच्या हातात कोंबली. दार ओढून घेताना ते करकरलं आणि मी मुद्दाम भांडं खाली पाडलं.

बाहेर आले तर तो तसाच बसलेला. बायकोच्या चपला पायाशी, म्हणून निवांत. "एक स्क्रू झिजलाय, जरा धीर धरा," धाकटी म्हणत होती. एकदाचा सेल बसला. मशीन सुरू झालं. वेळ लावली. त्याने आत बघून हाक मारली. मग दुसरी. मग उठला.

त्याने काय काय केलं ते सांगायची इच्छा नाही. टेबल उलटं केलं, धाकटीचा दंड धरला. मी किंचाळले तेव्हा शेजारचे धावून आले आणि तो गेला. पण त्यानंतर रोज समोरच्या कोपऱ्यावर उभा राहायचा. आम्ही खिडक्या लावून बसायचो. फोन वाजला तरी दचकायचो. ती पोचली की वाटेतच त्याने गाठलं, काही कळायला मार्ग नव्हता.

अनोळखी नंबरवरून फोन आला त्या सकाळी धाकटी तो उचलेचना. "तोच असेल, ताई." शेवटी मीच उचलला. पलीकडून दबका आवाज आला.

"ताई, इथे दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावलाय, पण वाय-फाय दिसत नाहीये. मॅडमना विचारता का?"

मी फोन धाकटीकडे दिला. तिने ऐकलं, मटकन जमिनीवर बसली आणि हुंदके देतच म्हणाली, "घाबरू नकोस. आधी वाच, वर कोपऱ्यात काय लिहिलंय?"