पिछाडीच्या मावशी

मावशी घरून निघतानाच थकलेल्या असायच्या. रविवारी सकाळी जंगलाच्या फाटकाशी आमचा गट जमायचा. कोणी हातपाय झाडत असे, कोणी बुटांच्या नाड्या आवळत असे, आणि मावशी ऑटोतून एक पाय खाली टाकतानाच जाहीर करत, "बाई गं, मी तर आत्ताच थकली. तुम्ही व्हा पुढं." वर पुन्हा आम्हालाच विचारत, "इतकी घाई काहून करून राहिले सगळे? जंगल का पळून चाललं?"

हे जंगल म्हणजे डुमन्याच्या रस्त्याला आमचं हिंदी मुलखातलं शहर संपतं तिथलं. साग, पळस, तेंदू आणि हवी तितकी घाणेरीची झुडपं. लोकांनी फिरावं म्हणून आत वाटा आखल्या आहेत. हिरव्या पाट्यांची वाट पायी चालणाऱ्यांची, पिवळ्या पाट्यांची सायकलवाल्यांची आणि तांबड्या पाट्यांची म्हणे घोड्यांची. घोडा मी इतक्या वर्षांत एकदाच पाहिला. तो वरातीतून थेट इकडेच आल्यासारखा सजलेला होता आणि माझ्याइतकाच कंटाळलेला दिसत होता. मीही तिथं काही फार उत्साहानं जात नव्हते. आठवडाभर बँकेत खुर्ची उबवल्यावर कंबर बोलायला लागते, म्हणून जायचं.

गटात शहरातल्या दीक्षितपुरा, चेरीताल, राइट टाउन अशा मोहल्ल्यांतली मराठी मंडळी. सगळ्यात पुढं बंडूभाऊ. डिफेन्स फॅक्टरीच्या सुरक्षेतून निवृत्त झाले तरी शिट्टी सुटली नव्हती. सगळ्यात मागं मावशी. पिछाडी हे नाव त्यांना बंडूभाऊंनीच चिकटवलं आणि त्यांनीही ते हसून घेतलं. हळूहळू त्याचा नियमच झाला. मावशींच्या मागं कोणी राहायचं नाही. त्या फाटकाशी पोचल्या की बंडूभाऊ शिट्टी फुंकत, "मावशी आल्या, जंगल रिकामं! चलो, पोहे!" मग कोणी डोकी मोजत नसे. मावशींवर आमचा तेवढा भरवसा होता.

मावशी मागं का राहत ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं, पण मी इथं आधीच सांगून टाकते. त्यांच्या पुढं, पंधरा-वीस पावलांवर, त्यांचे यजमान चालत असत. त्यांना सगळे सर म्हणत. राइट टाउनच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं होतं आणि आमच्यातल्या निम्म्यांनी त्यांच्या हातचा मार खाल्ला होता. ताठ मान, हात पाठीशी, चालणं संथ. त्या सरांना आता आठवेनासं झालं होतं. आधी नावं गेली, मग रस्ते जायला लागले. घरी त्यांना दाराबाहेर एकटं सोडता येत नव्हतं. आठवड्यातून ही एकच जागा उरली होती, जिथं ते कोणाचाही हात न धरता आपल्या मनानं चालत. तेवढं शाबूत राहावं म्हणून मावशी दर रविवारी थकत होत्या.

हे सगळं त्या इतकं सराईतपणे करत, की बघणाऱ्याला नुसती त्यांची कुरकुर ऐकू येई. दोन वाटा फुटल्या की सर थबकत. मागून लगेच आवाज येई, "अहो, डावीकडून न्या ना मला, तिकडं सावली आहे." सर मान हलवून डावीकडं वळत. कधी ते उगाच कुठंतरी उभे राहिले, की मावशी दगडावर बसकण मारून ओरडत, "थांबलात ते बरं केलंत बाई. जीव चालला होता माझा." सर परत येत, घड्याळ बघत, "दोनच मिनिटं हं," असं बजावत. आम्हाला वाटे, केवढा धीराचा नवरा! आमच्या घरचे नवरे एव्हाना पोह्यांपाशी असत.

पौषातल्या एका रविवारी वाटेवर नवी गिट्टी, बारीक खडी, पसरली होती. तिच्यावरून मावशींचा पाय घसरला आणि घोटा चांगलाच मुरगळला. सर वळणापलीकडं गेलेले. मावशींनी हाका मारल्या, पण उत्तर नाही. इतक्यात मोटारसायकलवरून एक वनरक्षक आले. मावशींनी आधी सरांचंच विचारलं. वनरक्षक म्हणाले, "माताजी, साहब तो गेट पहुँच गए होंगे. आप बैठिए, पैर सूज रहा है." सगळ्या वाटेत सर दिसले नाहीत, तेव्हा ते पोचलेच असणार असं मावशींनाही वाटलं.

मावशींना मोटारसायकलवरून येताना बघून आम्ही टाळ्या वाजवल्या. पिछाडीला बढती मिळाली, असं कोणीतरी म्हणालं. बंडूभाऊंनी शिट्टी फुंकली. दोन गाड्या निघूनसुद्धा गेल्या. मावशी पोह्यांच्या टपरीच्या बाकावर बसल्या, पायाला हात लावायच्या आधी त्यांनी सगळीकडं पाहिलं आणि विचारलं, "सर कुठं आहेत?"

"तुमच्याबरोबर नाहीत?" बंडूभाऊ म्हणाले. "अहो मावशी, तुम्ही आल्या म्हणजे सगळे आले ना!"

मावशींचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला लिहिता येत नाही. "त्यांना रस्ता समजत नाही हो," एवढंच त्या म्हणाल्या. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं सगळं त्या एका वाक्यात उघडं पडलं. बंडूभाऊ पोह्याची प्लेट तशीच टाकून आत धावले, त्यांच्यामागं आम्ही.

सर पिवळ्या पाट्यांच्या वाटेवर सापडले. सायकलच्या वळणावर ते मधोमध उभे होते आणि हात वर करून येणाऱ्या प्रत्येकाला एका रांगेत लावत होते. सायकलवाले बिचारे हसत हसत, "यस सर" म्हणत रांगेनं जात होते. आम्हाला पाहून सरांनी हात खाली घेतला. शर्ट घामानं भिजला होता. बंडूभाऊ कधीकाळी त्यांच्याच वर्गात होते. सरांनी त्यांच्याकडं परक्यासारखं पाहिलं आणि विचारलं, "तास संपला का?"

"संपला सर," बंडूभाऊ म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

पुढच्या रविवारी टपरीवर जे बोलणं झालं, ते सगळं प्रेमाचंच होतं. सरांना शेजाऱ्यांकडं बसवून मावशी लंगडत एकट्याच आल्या होत्या. कोणी म्हणालं, आत बिबट्या आहे. कोणी म्हणालं, आम्ही आळीपाळीनं सरांचा हात धरू. मावशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही हेच म्हणाल, माहीत होतं मला. म्हणून तर बोलली नव्हती. हात धरला की त्यांना आपलं काय झालं ते समजून जातं, भाऊ. मग ते दिवसभर जेवत नाहीत." चहाचा कप त्यांनी अर्धाच ठेवला. त्यानंतर ती दोघं जंगलात आली नाहीत.

गटही पुढं विस्कटला. बंडूभाऊ आता शिट्टी वाजवत नाहीत. ते फाटकाशी उभे राहून डोकी मोजतात, दोनदा मोजतात. मी अजून जाते, पण तिथल्या नव्या फोटो-पॉइंटचा आणि खांबांवरच्या भोंग्यांतल्या गाण्यांचा मला शीण येतो. पायांपेक्षा मनच लवकर थकतं आताशा.

मागच्या महिन्यात मी राइट टाउनला त्यांच्याकडं गेले. दोघं इमारतीच्या खालीच होती. स्कूटरांच्या दोन रांगांमधून सर चालत होते, हात पाठीशी. मावशी चार पावलं मागं. खूप वाळल्या होत्या. आता त्या थकल्याचं बोलून दाखवत नव्हत्या, पण ते दिसत होतं.

सर माझ्यापाशी थांबले. मला ओळखलं नाही, पण नमस्कार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक विचारू? त्या बाई केव्हाच्या माझ्या मागं येऊन राहिल्या. चांगल्या घरच्या दिसतात. रस्ता चुकल्या असतील. घरी कोणी वाट बघत असेल त्यांची."

सर मावशींजवळ गेले आणि अदबीनं म्हणाले, "घाबरू नका. मी सोडतो तुम्हाला घरी."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "चला," त्या म्हणाल्या, "पहिल्या मजल्यावर आहे."

जिन्याशी सरांनी त्यांचा हात धरला.